अंगठा पाहूनच घ्या

"अंगठा तुमचाच हाय का न्हाई? तेवढंच बोला."

ऊसतोडीच्या कपड्यांतच आलेल्या मुंजाजीनं पत्र्याची डबी पोस्टाच्या खिडकीत आपटली. झाकणावर कागद डकवलेला. कागदावर :

बायनाबाई मलम
ऊसतोडीत कापलेल्या हातापायांसाठी
मु. पो. सोनपेठ, जि. परभणी
अंगठा पाहूनच घ्या

आणि खाली जांभळा अंगठा.

बायनाबाई पार्सलांच्या पोत्याला टेकून बसली होती. नामांतराच्या बंदात दोन दिवस एसटी निघाली नव्हती. आज तिची पार्सलं घेऊन निघणार होती. तिनं डबी उचलून उजेडात धरली. अंगठ्याच्या मधोमध कोयत्याचा जुना तिरका वण होता. तो तिचाच.

"माझाच," ती म्हणाली.

"ऐकलं का मास्तर? कबूल हाय बाई."

पोस्टमास्तर भगवानरावांनी शिक्का खाली ठेवला.

"बायकोच्या हाताला पाचट लागलं, एवढंसं," मुंजाजी म्हणाला. "तुमचं मलम लावलं. आठ दिवसांत हात हा असा फुगला. उसाच्या ट्रकनं नेऊन परभणीला सरकारी दवाखान्यात टाकून आलोय. मलमानंच झालं म्हणतेत डॉक्टर. बोटं काढावी लागतील म्हणतेत. आता छबूनं कोयता कशात धरावा? दातात?"

बायनाबाईनं झाकण काढलं. वास घेतला. पुन्हा घेतला.

"कापूर वरून घातलाय. आत बैलगाडीचं वंगण हाय हे. मी असलं करीत न्हाई, बाबा."

"अन् अंगठा?"

ती पोत्याची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. मग तिनं मास्तरांची कात्री ओढून पोतं बाजूनं फाडलंच. दोन डब्या काढून त्याच्यापुढं मांडल्या.

"बघ. हिच्यावरला तिरका पडलाय. हिच्यावरला फिका. एकेक कागद मी सोता उठवते. शाई कमी होती, जास्त होती. एकासारखा एक येत न्हाई." तिनं मुंजाजीच्या डबीवर नख टेकवलं. "हा छापलेला हाय. माझ्याच एका डबीवरून कुणीतरी ठसा करून घेतलाय. अशीच दुसरी डबी आण. दोन्हीवर हुबेहूब एकच निघल. एकट्या डबीवरून कुणालाच कळायचं न्हाई."

अंगठ्याची कल्पना भगवानरावांची. तुम्हाला सही येत नाही हे बरंच झालं, अंगठ्याची नक्कल दुनियेत कुणाला येत नाही, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. ते आता गोंदाच्या बाटलीकडे बघत होते.

"मागवलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यावर कार्ड आलं होतं. बायनाबाईचं मलम, नवीन पत्ता, व्ही.पी.नं मागवा, पैसे डबी हातात आल्यावर. मुकादमानं मागवलं. बारा कोयते, म्हंजे नवराबायकोच्या बारा जोड्या, बारा डब्या."

"बारा?" बायनाबाई ताडकन उभी राहिली. "म्हंजे अजून अकरा हायेत! त्यातली एक आण. मग फौजदार येऊ दे न्हाईतर त्येचा बाप. दोन्ही डब्या पुढं ठेवते. सुटले रे बाबा मी."

मुंजाजीनं आपल्या डबीचं झाकण दाबून बसवलं.

"टाकून तर न्हाई दिल्या त्येंनी?"

"टाकतेत कामून? लावायलेत की. सकाळ-संध्याकाळ."

"छबूचा हात बघूनबी?"

"पाचटाचं इख चढलं म्हणाले. मलमाचा गुण न्हाई म्हणाले, बायनाबाईचं हाय ते. म्हणून आता लय लावायलेत."

ती खाली बसली. लगेच उठली.

"तार करा, मास्तर. आत्ता."

भगवानरावांनी फॉर्म ओढला.

नकली मलम लावू नका.

"त्येनं काय हुणार?" मुंजाजी म्हणाला. "ज्याच्या त्याच्या हातात असलीच हाय. अंगठा बघूनच घेतलंय."

भगवानरावांनी रेघ मारली.

नवीन पत्त्यावरून आलेलं मलम लावू नका.

"पत्ता मुकादमाला ठाव. बायांना डबी ठाव."

पुन्हा रेघ.

"मग लिहू काय?"

बायनाबाई फाटक्या पोत्याकडे बघत राहिली. आतल्या प्रत्येक पार्सलावर एकेका कारखान्याचं नाव होतं.

"बायनाबाई मलम लावू नका. असं लिहा."

पेन जागच्या जागी थांबलं.

"अहो, मग तुमची डबी परत कुणी हातात धरंल का? सगळा धंदा बुडाला. अन् फौजदार म्हणल, बाईनं लिहून दिलंय की."

"म्हणू दे."

"दुसरी डबी येऊ द्या तरी. चार दिवसांचा प्रश्न हाय."

"चार दिवसांत आठ बार लावतील." तिनं फॉर्मवर हात ठेवला. "लिहा. अन् ह्या पोत्यातल्या समद्या कारखान्यांना हीच धाडा. माझं मलम जिथं जातं, तिथं त्या नकलीवाल्याचं कार्ड गेलंच असल."

मुंजाजीनं आपली डबी हळूच उचलून खिशात घातली. आता तो तिच्याकडे बघत नव्हता.

भगवानरावांनी लिहिलं. बराच वेळ लावून लिहिलं.

"खाली तुमचं नाव नको," ते हळू आवाजात म्हणाले. "पोस्टमास्तर सोनपेठ, एवढंच घालतो. तुमच्यावर बालंट नको."

"पोष्टमास्तराचं ऐकून कोण हात धुतंय, मास्तर?" बायनाबाई म्हणाली. "माझं नाव घाला. माझं असलं तर धुतील."