बाकाची गुळगुळीत बाजू

आम्ही काँक्रीटचं बाक उलटं ओततो. साच्याच्या तळाशी जाड काच, तिच्यावर रंगीत काचेचे तुकडे मांडायचे आणि वरून काँक्रीट. घट्ट झाल्यावर उलटलं की तळाची बाजू वर येते, आरशासारखी गुळगुळीत. दुसरी, खडबडीत बाजू जमिनीकडे जाते. ती ओली असतानाच बाबा तिच्यावर पंजा दाबायचे. म्हणायचे, "ही माझी सही. बसणाऱ्याला कशाला दिसायला हवी?"

बाबा गेल्यावर पहिलं बाक मी आईसाठी ओतलं. निळे तुकडे तिनंच निवडले. "हे असते तर मधे हिरवे घुसडलेच असते," असं पुटपुटत.

आज सकाळी बाक उलटून अंगणात ठेवलं. निळ्या तुकड्यांच्या मधोमध पंजा उमटला होता. खोल, आणि करंगळी वाकडी, अगदी बाबांची.

मी साच्यातली काच पाहिली. सपाट, साधा चराही नाही. काँक्रीट तिला घट्ट चिकटून होतं. मधे हात शिरणार कुठून?

आई चक्क लाजली. "चारचौघांत कधी हात धरला नाही या माणसानं," म्हणाली, आणि बाकावर बसून तिनं आपला तळवा त्या पंजात ठेवला.

चहा गार झाला, तरी ती उठेना. मी लाडानं म्हटलं, "आई, पुरे की. सोड आता."

तिनं हळूच माझ्याकडे पाहिलं.

"मी कुठे धरलंय?"