ओढून बघितल्याशिवाय नाही

"डिझेलच आहे ना?" केसरने दुसऱ्यांदा विचारलं.

"डिझेलच. बैलाचा दम हाय हिला, ताई," सदा म्हणाला.

त्याने पिकप पाण्याजवळच्या ओल्या, कठीण वाळूवर उभी केली होती. उरणहून चौलला येताना तो प्रत्येक चढावर गाडी गोंजारत आला होता. क्लच पार कामातून गेला होता. जरा जोर दिला की जळका वास यायचा, म्हणून त्याने सीटखाली सुकटीची पाटी ठेवली होती. सुकटीपुढे दुसरा वास टिकत नाही, हे कोळ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

गाडी आज खपायलाच हवी होती. घरच्या होडीचं इंजिन बसलं होतं आणि थोरला भाऊ दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जात होता. ते सदाला बघवत नव्हतं. पिकप गेली की नवं इंजिन येणार होतं.

केसर पर्यटकांना चाकांवरचं घर भाड्याने द्यायची. खोलीएवढा पांढरा ट्रेलर, आत पलंग, शेगडी, मोरी. तो वरच्या कोरड्या वाळूत उभा होता, चाकं अर्धी आत गेलेली.

"वाळूत हा असा रुततो," ती म्हणाली. "ओढून बघितल्याशिवाय मी गाडी घेत नाही."

सुरूच्या बनाशी एक निळी पिकप उभी होती. सदाने तिकडे मान वळवली. "ती पण विकायला आलीय?"

"सकाळी तिनेही ओढून पाहिलं. दम पुरला नाही. संध्याकाळी रेवदंड्याचा प्रणय त्याची गाडी आणतोय. तुमची चालली तर त्याला नको म्हणून सांगू."

सदाने घाईने गाडीचे कागद पुढे केले. "आधी कागद बघता?"

"कागद काय पळून जातात? ओढा. भरती लागलीय."

दोर बांधला. सदाने पहिला गियर टाकला आणि पाय हळूहळू सोडला. इंजिन गुरगुरलं, दोर ताठ झाला, ट्रेलर जागचा हलेना. केबिनमध्ये जळका वास भरला. केसर खिडकीशी आली आणि तिने नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय."

"सुकट हाय, ताई. आयने भाजून दिलीय."

"असं होय," ती म्हणाली. "मग चालू द्या."

एकवीरा आई, एवढी वेळ निभाव. सदाने दात आवळून जोर दिला. ट्रेलर कुरकुरला, डुलला आणि सुटून खाली कठीण वाळूवर आला. त्याच क्षणी पिकपचं इंजिन मोकळंच ओरडलं. चाकं फिरेनात. क्लच संपला होता. सदाने मुद्दाम केल्यासारखं इंजिन बंद केलं आणि घाम पुसत खाली उतरला. आता गाडी चालवून दाखव म्हणाली तर मेलोच, असं त्याला झालं होतं.

"बघितलात दम?"

"बघितला. सोडा तो दोर."

त्याने पटापट दोर सोडला. केसर सावकाश सुरूच्या बनाकडे गेली. तिने कमरेची चावी काढली, निळी पिकप सुरू केली, सफाईने मागे घेत ट्रेलरला जोडली.

"ताई, ही तर..."

"माझीच. वाळूत दम पुरत नाही हिचा, रस्त्याला झकास चालते."

"आणि माझी?"

"नको हो. भाजल्या सुकटीचा वास जाता जात नाही." तिने खिडकीतून एक चिठ्ठी पुढे केली. "हा प्रणयचा नंबर. त्याला नको म्हणून तेवढं कळवा."

ट्रेलर डुलत डुलत किनाऱ्याने निघून गेला. सदाने एकदा किल्ली फिरवून पाहिली. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. पाणी पुढच्या टायरला लागलं.

त्याने चिठ्ठीकडे बघितलं, घसा खाकरला आणि नंबर लावला.

"प्रणयभाऊ का? केसरताईंनी तुमचा नंबर दिला. पिकप मलाच घ्यायचीय. डिझेल हाय ना?... व्हय, आत्ताच या. पण एक सांगतो, ओढून बघितल्याशिवाय मी गाडी घेत न्हाय."