दुर्गम तळे

प्रस्तुत लघुकथेत एका सायकलवीराचा पराक्रम यथामती निवेदन करीत आहे.

तटबंदीच्या जुन्या नगरात राहणारा तो वीर दर रविवारी खडीवर चालणारी महागडी सायकल दामटत अरण्यातल्या तळ्याकडे प्रयाण करी. वृद्ध वडील म्हणत, "डोळे मिटण्याआधी मलाही एकदा ते तळं दाखव रे."

तो नाक मुरडून म्हणे, "बाबा, गाडी जात नाही तिथं. मांड्यांत दम लागतो!"

एका रविवारी तळ्याकाठीच चाक पंक्चर झाले. वीराने तत्काळ पत्नीस फोन लावला, "लवकर गाडी आण गं, थेट पाण्यापर्यंत येते!"



गाडीतून काठी टेकत वडील उतरले. "तू बस आत. मांड्या दमल्या असतील तुझ्या. मी तळं बघून येतो."

वाचकांचे शतशः आभार.
आपला नम्र,
सायकलवाले तात्या