पुठ्ठ्याची सवत

प्रदर्शनासाठी चांगदेव गुरुजींनी पुठ्ठ्याचं रॉकेट केलं आणि त्यांना घरात दुसरं काही दिसेनासंच झालं. पॉलिश पेपर घासून रंगाचा एकेक ओघळ, एकेक फोड काढत बसायचे. हौसाचा नुसता जळफळाट! लग्नातसुद्धा त्यांनी तिला इतकं निरखलं नव्हतं. शेवटी तिनं ओल्या पांढऱ्या रंगावर मुद्दाम अंगठा दाबला.

"मांजर आलं व्हतं," ती म्हणाली.

रंग वाळल्यावर गुरुजींनी त्या डागावर चिकटपट्टी लावली आणि वरून सगळ्या रॉकेटला लाल रंगाचा हात दिला. लपवला मेल्यानं डाग, म्हणून हौसा आणखीच फणफणली.

जुन्नरच्या प्रदर्शनात गुरुजींनी तिच्यादेखत पट्टी सोलली. लाल रॉकेटवर तेवढाच पांढरा चौकोन, आणि त्यात तिचा अंगठा जसाच्या तसा.


"मांजराची सही ऱ्हाऊ दिली, हौसे."