लिंबाची फोड

मासळी विकून आलं की शांती लिंबाची फोड हाताला चोळायची. आठ दिवस मात्र घरातली सगळी लिंबं लेकच संपवत होती. किशोरीचे खांदे, दंड चोळून लाल झाले होते आणि ती कॉलेजचं नाव काढत नव्हती. पोरी मासळीच्या वासाला नाकं मुरडत असतील, असं वाटून शांतीने पनवेलच्या बाजारातून चंदनाचा साबण आणला. "माज्यामुळं तुला वास लागतो गो," ती ओशाळून म्हणाली. "आये, मासळीचा नाय. प्रॅक्टिकलला सरांनी मागून धरलेलं. त्यांच्या हातांचा हाय," किशोरी म्हणाली. लेकीला लाज नको म्हणून शांती कधी कॉलेजच्या फाटकाशी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती अर्धी टोपली विकायची टाकून, लिंबू न चोळता, तिच्याबरोबर कॉलेजात तक्रार द्यायला गेली. ऑफिसबाहेरच्या बाकावर आईचा मासळीचा हात नाकाशी धरून किशोरी आठ दिवसांत पहिल्यांदा रडली.