नारिंगी कोट

बल्खाश सरोवर गोठलं. बर्फावर मासेमारीला मी मेंढीच्या कातड्याचा काळा कोट मागितला होता. सुनेनं, मरझाननं, आणला भडक नारिंगी.

"या वयात मला गाजर करतेस होय गं?"

"ऊब तेवढीच आहे, बाबा," म्हणाली. पण बदलून आणेना.

पुढच्याच आठवड्यात बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो होतो, तर हिमवादळ आलं. किनारा कुठे ते कळेना. लांबून हाका येत होत्या. कुणाचा भाऊ, कुणाची बायको नाव घेऊन ओरडत होती. माझं नाव काही ऐकू येईना. तेवढ्यात कुणीतरी बाही घट्ट धरली. मरझान!

घरी चहा ओतताना ती म्हणाली, "सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. नुसतं 'बाबा' म्हणून ओरडले असते, तर बर्फावरचे सगळे म्हातारे धावत आले असते. म्हणून दुकानात आधी रंग बघितला."

वादळ सरलं, मी पुन्हा बर्फावर गेलो. माझा मासेमारीतला सोबती तोलेगेन लांबूनच खिदळला, "आलं बघा गाजर!"

"गाजर नाही रे," मी म्हणालो, "माझ्या सुनेनं मला मारलेली हाक आहे ही."