तुळसाबाईच्या टाचा

या मायबापहो, थोडं पुढं सरका. कीर्तनाला अवकाश आहे, बुवा अजून चहा घेताहेत. तोवर आसेगावच्या तुळसाबाईची गोष्ट सांगतो. जवळ बसा, मोठ्यानं सांगण्यासारखी नाही.

जानरावानं घमेल्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट झालं होतं. मूठभर मीठ टाकून त्यानं ते ढवळलं आणि बायकोचा उजवा पाय उचलून अलगद आत ठेवला.

"चटका तं नाही बसत?"

"समजतच नाही आता काही," तुळसाबाई म्हणाली.

हा नेम सहा वर्षांचा. दिवे लागायच्या वेळी पाय भिजवायचे, वजरीनं मेलेली कातडी घासायची, पाय कोरडे करायचे. मग मेणबत्ती आणि खोबरेल एकत्र वितळवून केलेलं मलम भेगांत भरायचं आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी. सकाळी तुळसाबाई ती पट्टी सोडायची आणि अनवाणीच शेतात जायची. संध्याकाळी भेगांत पुन्हा काळी माती, पुन्हा सोयाबीनच्या धसकटांचे ओरखडे. जानराव पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेजारचा गणेश कुंपणावरून हसायचा. "काका, दार लावून घेत जा बरं. माह्या बायकोनं पाह्यलं तं मले बी घमेलं घेऊन बसवन."

तुळसाबाईचा नवस होता. हरीओम घरी येईपर्यंत चप्पल घालायची नाही. एकुलतं एक पोर ते. बापानं ठरवलेली सोयरीक त्यानं नाकारली, तेव्हा जानरावानं भरल्या घरातून, पाहुण्यांदेखत त्याला बाहेर काढलं होतं. पोरगं पुण्याला गेलं आणि बांधकामावर लागलं.

गावाला त्या पायांचं मोठं अप्रूप. मागल्या सप्ताहात बुवांनी कीर्तन थांबवून तिला पुढं बोलावलं आणि भरल्या मांडवात वाकून तिच्या टाचांना हात लावला. "आई वाट कशी पाहते, ते इथं वाचा," म्हणाले. बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. टाळकऱ्यांचे टाळ हातातच राहिले. जानराव तेवढा उठून मांडवाच्या खांबाआड गेला.

कारण हरीओम येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी तुरीला पाणी देताना फोन आला. पोरगं पाचव्या मजल्यावरून पडलं होतं. "हरीओमले भेटून येतो" एवढंच बायकोला सांगून जानराव निघाला आणि तिकडंच त्याला अग्नी देऊन आला. परतीच्या गाडीत तो रस्ताभर शब्द जुळवत होता. दारात तुळसाबाई उभी.

"भेटला का पोरगा?"

जुळवलेलं सगळं सोडून जानराव भलतंच बोलून गेला. "भेटला. बरा हाय. राग नाही गेला त्याचा."

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर, चार बायांसमोर तिनं पायातली चप्पल काढून ठेवली. तेव्हापासून दर दिवाळीला जानराव सांगायचा, त्याचा फोन आला व्हता. ती म्हणायची, हो का.

ज्या संध्याकाळची ही गोष्ट, त्या दुपारी मंगरूळपीरच्या डॉक्टरानं पाय पाहिला आणि जानरावाला बाजूला घेतलं. शुगर वाढली होती, जखम आत उतरली होती. अनवाणी चालणं आजच थांबलं नाही तर महिन्याभरात पाय कापावा लागेल, म्हणाला.

"तुळसे, उद्यापासून चप्पल घाल," जानराव वजरी घासत म्हणाला.

"काहून? हरीओम येऊन राह्यला का?"

"पाय कापतीन, अवं!"

"कापू द्या. तो आला म्हंजे कुबड्या घेऊन जाईन त्याच्यासमोर."

वजरी थांबली. जानरावानं दोन्ही हातांनी तिची टाच धरली.

"तो येत नाही, तुळसे. सहा वर्सं झाली. मीच अग्नी देल्ला त्याले. तुले सहन नसतं झालं, म्हणून तोंड उघडलं नाही. मले काय मारायचं ते मार, पण चप्पल घाल."

त्यानं कपाळ तिच्या ओल्या पायावर टेकवलं आणि म्हातारा ढसाढसा रडला. तुळसाबाईनं त्याला रडू दिलं. मग ती बोलली, भाजी काय करू विचारावं तशा आवाजात.

"मले ठाऊक हाय."

त्यानं मान वर केली.

"तुमी गाडीत बसले अन् तासाभरात त्याच्या खोलीवरल्या दोस्ताचा, नवीनचा फोन आला. काका निघाले का, म्हणे. त्याच्याच तोंडून समजलं मले, पोरगं गेलं म्हणून. मंग चार दिवस मी भिताडाले टेकून बसली. म्हटलं, हा माणूस येईन, मले जवळ घेईन, सांगन. तुमी आले अन् म्हणले, बरा हाय."

"मंग... हा नवस?"

"अजी, नवस देवाले बोलतेत. मी देवाले काहीच मांगतलं नाही. ज्यानं माह्या लेकराले दाराबाहेर ढकललं, त्यानं जीव हाय तोवर रोज माह्ये पाय धरावे, येवढंच पाह्यजे व्हतं मले."

तिनं उजवा पाय पुसला आणि डावा घमेल्यात सोडला.

"घासा. पाणी थंडं होऊन राह्यलं."

बुवा उठले, मायबापहो. पहिल्या अभंगाला हात जोडाल तेव्हा हरीओमची आठवण ठेवा. त्या घरात त्याच्यासाठी दोघं मिळून अजून रडलेली नाहीत.